वादळ येतंय. श्रीवर्धनच्या आई-बाबांना घर सोडायला लावू का? (तातडीचं)

पोफळ | १ जून २०२०, रात्री ९:४०

मी पुण्यात, कोथरूडला. आई-बाबा श्रीवर्धनजवळच्या आमच्या गावी. बाबा ७६, आई ७१. बाबांना दमा आहे. घर आजोबांच्या वेळचं, चिऱ्याचं, कौलारू. पुढे नारळी-पोफळीची वाडी, वाडीपलीकडे सुरूचं बन, मग समुद्र. अंगणातून पाणी दिसत नाही, पण गाज चोवीस तास ऐकू येते.

हवामान खात्याचा अंदाज असा की अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या क्षेत्राचं चक्रीवादळ होईल आणि ३ तारखेला हरिहरेश्वर ते दमण यांच्यामध्ये कुठेतरी ते किनारा ओलांडेल. हरिहरेश्वर आमच्या घरापासून फार लांब नाही.

उद्या पहाटे निघून त्यांना पुण्याला आणावं म्हटलं तर टाळेबंदीतला प्रवासाचा ई-पास हवा, ताम्हिणी घाट ओलांडायचा, आणि आणायचं कुठे, तर जिथे रोज करोनाचे आकडे वाढतायत तिथे. गावातल्या शाळेत हलवावं तर तिथे मुंबईहून आलेल्यांना विलगीकरणात ठेवलंय. बाबा म्हणतात, "फयान पाहिलंय, हेही जाईल." (फयान म्हणजे २००९ चं वादळ.) आई म्हणते, "गायीला टाकून मी कुठे येऊ?"

असा निर्णय ज्यांनी घेतलाय, कोकणात, परदेशात, कुठेही, त्यांनी कृपया लिहा. कसा ठरवलात?

चकवाचांदण | १ जून, ९:५२

आणा इकडे. विचार कसला करताय!

घाटवाट | १ जून, १०:०५

आणायचंच असेल तर उद्या, म्हणजे २ तारखेलाच. पहाटे निघून संध्याकाळच्या आत घरी परत. ३ तारखेला ताम्हिणीत गाडी घालू नका. मोठ्या पावसात तिथे दरड आणि झाड दोन्ही येतात, आणि अडकलात तर मैलोन् मैल फोनला रेंज नाही. ई-पाससाठी पोलिसांच्या संकेतस्थळावर आत्ताच अर्ज टाका, वडिलांच्या दम्याचे कागद जोडा.

सरळसोट | १ जून, १०:३१

माझं मत वेगळं आहे. गेल्या वर्षभरात किती वेळा घाबरलो ते आठवा. जूनमध्ये 'वायू' गुजरातवर येणार म्हणून लाखो माणसं हलवली, ते समुद्रातच वळलं. ऑक्टोबरात 'क्यार', त्यामागून 'महा'. आपल्या किनाऱ्यावर यांतलं एकही धडकलं नाही. ७६ वर्षांच्या दमेकरी माणसाला या साथीत पुण्यात आणणं हा मला वादळापेक्षा मोठा धोका वाटतो. वादळ येईल की नाही माहीत नाही, साथ आलेली आहे.

पोफळ | १ जून, १०:४४

@सरळसोट, बाबांचं म्हणणं शब्दशः हेच आहे. आणि मला ते खोडून काढता येत नाही, म्हणूनच इथे आले.

बायूकाठी | १ जून, ११:२०

ह्यूस्टनहून लिहितोय. मूळचा सदाशिव पेठेतला, इथे पंचवीस वर्षं झाली.

सप्टेंबर २००५. 'कॅटरिना'ने न्यू ऑर्लिन्स बुडवून तीन-चार आठवडेही झाले नव्हते आणि 'रीटा' आमच्याकडे निघालं. दूरदर्शनवर छपरांवर बसलेली माणसं ताजी होती. ज्यांना जायला सांगितलं तेही निघाले आणि ज्यांना कोणी सांगितलं नव्हतं तेही. पंचवीस लाखांच्या वर माणसं एकदम रस्त्यावर. आम्हीही त्यांत होतो. मोठी मुलगी चार वर्षांची, धाकटा तान्हा. एरवी चार तासांत डॅलसला पोचतो. त्या दिवशी अठरा तासांत निम्मासुद्धा रस्ता कापला नाही. पेट्रोल संपेल म्हणून एसी बंद, बाहेर रणरणतं ऊन, तान्ह्याला ओल्या टॉवेलात गुंडाळून धरलेलं. डॅलसजवळ वृद्धाश्रमातल्या माणसांना नेणाऱ्या एका बसला आग लागली, २३ वृद्ध गेले. वादळ शेवटी लुइझियानाच्या हद्दीकडे सरकलं. टेक्सासात त्या वेळी जी माणसं गेली, त्यांतली बहुतेक वाऱ्या-पाण्याने गेली नाहीत, त्या पळापळीत गेली.

२०१७ ला 'हार्वी' आलं तेव्हा रीटाची आठवण ठेवून शहर रिकामं करायचा आदेशच दिला नाही. पाऊस इतका झाला की काही भागांत ५० इंचांच्या आसपास गेला आणि लोकांना होड्यांतून काढावं लागलं. तो निर्णय बरोबर की चूक यावर इथे आजही वाद होतात.

हे सांगायचं कारण, तुम्ही 'घर सोडायचं' आणि 'पुण्याला आणायचं' या दोन गोष्टी एकच धरताय. त्या वेगळ्या आहेत. आम्ही चारशे किलोमीटर पळायला निघालो होतो. आमच्या घरापासून वीस मिनिटांवर, उंचावर, मित्राचं पक्कं घर होतं. तिथे जायला हवं होतं.

टँपाखाडी | १ जून, ११:४८

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. आमच्या फ्लोरिडात प्रत्येक पत्त्याला ए, बी, सी असं क्षेत्र दिलेलं असतं. ते वाऱ्यावरून ठरत नाही, समुद्राचं पाणी किती चढेल त्यावरून ठरतं. ए वाल्यांनी सगळ्यांत आधी बाहेर पडायचं. इथे लहान मुलांनाही शिकवतात की पाण्यापासून पळायचं आणि वाऱ्यापासून लपायचं. घर उंचावर आणि मजबूत असेल तर आत बसा. घर सखल किंवा कच्चं असेल तर निघा, पण जवळच्या पक्क्या जागी.

२०१७ च्या 'इर्मा'त साठ लाखांहून जास्त लोकांना निघायला सांगितलं होतं. आधी अंदाज पूर्व किनाऱ्याचा होता, म्हणून मायामीची आमची मित्रमंडळी पश्चिमेला आमच्याकडे आली. मग वादळ पश्चिमेलाच वळलं! नऊ जण एका न्हाणीघरात बसलो होतो.

आणखी एक. वादळ गेल्यावर वीज नसते. इर्मानंतर एका वृद्धाश्रमात उकाड्याने १२ जण दगावले, वादळ संपल्यावर. वडिलांच्या औषधांचा विचार एका रात्रीचा करू नका, पंधरा दिवसांचा करा.

गोठ्यातली | १ जून, रात्री ११:५९

गायीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझं माहेर गुहागरकडचं. वादळात गुरं गोठ्यात बांधून ठेवायची नाहीत. गोठा पडला तर दाव्याला बांधलेलं जनावर मरतं. आदल्या संध्याकाळी दावं सोडायचं, वाडीचं बेडं (फाटक) उघडं ठेवायचं. जनावराला आपल्यापेक्षा आधी कळतं, ते बरोबर आडोसा शोधतं. आईंना हे सांगा. त्यांना गायीची सोय दिसली की त्या स्वतः हलतील.

पोफळ | २ जून, सकाळी ६:१५

रात्रभर झोप नाही. पण @गोठ्यातली, हे मी आईला फोनवर वाचून दाखवलं आणि ती पहिल्यांदा गप्प राहून ऐकत होती.

चकवाचांदण | २ जून, ६:४०

गायीचं नाव काय?

पोफळ | २ जून, ६:४३

चांदी.

चकवाचांदण | २ जून, ६:४५

चांदीलाही सुखरूप ठेव रे देवा.

वाऱ्याचीदिशा | २ जून, सकाळी ९:३०

हवामानशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. ताज्या पत्रकात अलिबागचं नाव आलंय. तुमचे वडील ते ऐकून म्हणतील, "अलिबागला जातंय, आपण वाचलो." म्हणून हे त्यांना नीट समजावून सांगा.

आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतं. ते पुढेही सरकत असतं. सरकण्याच्या दिशेकडे तोंड करून उभं राहिलं, तर उजव्या हाताला फिरण्याचा आणि सरकण्याचा वेग यांची बेरीज होते, डाव्या हाताला वजाबाकी. हे वादळ उत्तर-ईशान्येकडे चाललंय. म्हणजे उजवा हात दक्षिण-पूर्वेला. ते अलिबागला लागलं तर मुरूड, श्रीवर्धन उजव्या हाताला येतात, जिथे वारा समुद्राकडून जमिनीवर येतो आणि पाणी पुढे लोटतो. अलिबाग ते श्रीवर्धन सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटर. वादळाच्या दृष्टीने ते अंतर काहीच नाही. शिवाय किनाऱ्याजवळ येता येता ते थोडं दक्षिणेला सरकलं तर थेट तुमच्यावर.

वाऱ्याचा अंदाज ताशी १०० ते ११० किलोमीटरचा आहे, झोत १२० पर्यंत. कौलं त्याच्या बऱ्याच आधी उडतात. भरतीच्या वर एक ते दोन मीटर पाणी चढायचा इशारा आहे आणि ५ तारखेला पौर्णिमा, म्हणजे भरती उधाणाची.

एक गोष्ट कागदावर लिहून घ्या. वारा मध्येच एकदम थांबला, ऊन पडल्यासारखं वाटलं, तर कोणीही बाहेर पडायचं नाही. तो वादळाचा डोळा. थोड्या वेळाने वारा उलट्या बाजूने येतो, आणि एका बाजूने हललेली झाडं तेव्हा पडतात.

सरळसोट | २ जून, ९:५५

@वाऱ्याचीदिशा, उजव्या बाजूचं मला माहीत नव्हतं. माझं पुण्याबद्दलचं मत कायम आहे, पण त्यांनी कौलांखाली राहू नये हे मान्य.

महानदी | २ जून, १०:२०

@सरळसोट, वायूबद्दल तुम्ही लिहिलंत म्हणून. मी नोकरीनिमित्त ओडिशात आले ती १९९८ मध्ये. २९ ऑक्टोबर १९९९ चं वादळ मी कटकला काढलं. एरसमाच्या बाजूला समुद्र कित्येक किलोमीटर आत आला. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. इशारा नव्हता असं नाही. जायचं कुठे ते ठाऊक नव्हतं, तशा इमारतीच फार थोड्या होत्या.

गेल्या वर्षी ३ मेला 'फनी' पुरीला आलं. त्याआधी साधारण बारा लाख माणसं हलवली होती. बळी शंभराच्या आत राहिले. मधल्या वीस वर्षांत खांबांवर उभे असलेले निवारे झाले, गावात कोण कुणाच्या म्हातारीला उचलणार ते आधी ठरलेलं असतं. आमची कामवाली बाई आधी दोनदा निवाऱ्यात जाऊन कोरडी परत आली होती, तरी तिसऱ्यांदा निघाली. मी विचारलं तर म्हणाली, "परत आले म्हणजे घर उभं होतं, मग राग कशाचा?"

आणि साथीबद्दल. परवाच्या 'अंफान'मध्येही तोच प्रश्न होता. मास्क लावून, अंतर ठेवून माणसं निवाऱ्यात गेलीच.

पानशेतचीपोर | २ जून, १०:५०

पोफळ, बाळ, मी तुझ्या आईच्या वयाची.

१२ जुलै १९६१. मी नऊ वर्षांची, शनिवार पेठेत. आदल्या रात्री मोठी माणसं पानशेतबद्दल हळू आवाजात बोलत होती. धरणावर जवान वाळूची पोती रचतायत हेही कानावर आलं होतं. सकाळी धरण फुटलं, मग खडकवासल्याचंही. आईने आम्हा तिघांना हाताला धरून पर्वतीकडे पळवलं. वडील मागे राहिले, दुकानाच्या वह्या माळ्यावर ठेवायला. "पाच मिनिटांत येतो" म्हणाले. ते आले, पण दुसऱ्या दिवशी, आणि ती रात्र त्यांनी वाड्याच्या आढ्याला धरून काढली होती. वह्या गेल्याच. नंतर त्यांनी नदीकाठी कधी घर घेतलं नाही.

तुझे वडील 'पाच मिनिटांत' म्हणणारे असतील तर त्यांना वेळ ठरवून दे. घड्याळातला वेळ.

आणि आज निर्जळा एकादशी. तुझी आई पाणीही पीत नसेल. तिला म्हणावं, आज पी, देव रागावत नाही.

आंबिलओढा | २ जून, ११:०५

आजी, अगदी. गेल्या सप्टेंबरात, २५ तारखेच्या रात्री, आमच्या अरण्येश्वरला ओढ्याचं पाणी चढायला लागलं तेव्हा मी गाडी वर काढू की बायको-मुलांना, यात काही मिनिटं घालवली. त्या मिनिटांत पाणी कमरेला लागलं. आता आमच्याकडे ठरलंय: पार्किंगच्या पहिल्या पायरीला पाणी लागलं की सगळे तिसऱ्या मजल्यावर. चर्चा नाही.

पोफळ | २ जून, दुपारी १२:५०

तुम्हा सगळ्यांचं सगळं बाबांना वाचून दाखवलं. रीटा आणि एरसमा ते ऐकत होते, पण हलले ते उजव्या हाताच्या गणितावर. अंगणात उभं राहून ईशान्येकडे तोंड केलं म्हणे, आणि उजवा हात लांब केला.

पुण्याला आणत नाहीये. ई-पास अजून आलेला नाही, आणि आता निघाले तरी परततानाच उशीर होईल. पण घर सोडतायत. वरच्या आळीत, टेकाडावर, मुंबईकर शेजाऱ्यांचं स्लॅबचं घर बंद आहे, किल्ली आमच्याकडेच असते. त्यांना फोन केला, ते लगेच हो म्हणाले. घरापासून जेमतेम एक किलोमीटर. आजी, वेळ ठरवलाय: आज संध्याकाळी पाच. चुलतभाऊ दुचाकीवरून एकेकाला नेणार.

वादळाला नाव मिळालंय, 'निसर्ग'. बांगलादेशने सुचवलेलं.

गोठ्यातली | २ जून, १२:५८

फार बरं वाटलं! सिलिंडर बंद करून ठेवा. हंडे-कळश्या भरून वर न्या, वीज गेली की पंप बंद. पोहे, गूळ, शेंगदाणे, काड्यापेटी, मेणबत्त्या. घराचे कागद, आधार, बँकेची पुस्तकं प्लॅस्टिकमध्ये बांधून आईंच्या कमरेला. बाबांचा इन्हेलर खिशात, आणि एक जादा. जुना ट्रान्झिस्टर असेल तर सेलसकट.

टँपाखाडी | २ जून, १:१०

त्या घरात खिडक्यांपासून लांब, मधल्या खोलीत बसायला सांगा.

पोफळ | २ जून, संध्याकाळी ५:३५

पोचले. चांदीचं दावं आईने स्वतः सोडलं. बाबांनी जाताना घराला कुलूप लावलं नाही, म्हणाले कोणी अडकलं तर आत येऊ दे. आई पाणी प्यायली.

घाटवाट | ३ जून, सकाळी ११:१५

पुण्यातही वारा सुटलाय. कोणी दुचाकीवर बाहेर पडू नका, झाडांखाली गाड्या लावू नका.

पोफळ | ३ जून, दुपारी १२:२०

आत्ता आईशी बोलले. वाऱ्याचा आवाज इतका की ती ओरडत होती. माड जमिनीला टेकतायत म्हणाली. मध्येच फोन तुटला. आता लागत नाहीये.

पोफळ | ३ जून, दुपारी ३:४०

लागत नाही. कोणाचाच नाही. गावातले अकरा नंबर लावून पाहिले.

पानशेतचीपोर | ३ जून, ३:४४

मनोरे पडले असतील. फोन लागत नाही याचा अर्थ फक्त फोन लागत नाही. आम्ही आहोत इथे.

वाऱ्याचीदिशा | ३ जून, रात्री ८:१०

वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून आत गेलंय, जोर कमी होतोय. आता त्यांच्याकडे वारा पडला असेल. स्लॅबच्या घरात, टेकाडावर आहेत, हे धरून राहा.

चकवाचांदण | ४ जून, सकाळी ७:००

काही कळलं का?

पोफळ | ४ जून, ७:०२

नाही.

पोफळ | ५ जून, दुपारी १:३०

सुखरूप आहेत. तिघंही, चांदीसकट.

चुलतभावाने दुचाकी पडलेल्या झाडांवरून उचलत उचलत हायवे गाठला आणि तिथून फोन केला. मी इथे ओट्यावर बसून रडले.

घराची कौलं सगळी गेली. वाडीतला आंबा माजघरावर पडलाय, आढं मोडलंय. बाबांची खाट माजघरातच असते. दुपारी वारा थांबला तेव्हा बाबा 'घर बघून येतो' म्हणून उठले होते. आईने दारात उभं राहून अडवलं, "कागदावर लिहिलंय." वाऱ्याचीदिशा काका, तो कागद खरंच तिच्याकडे होता. थोड्या वेळाने वारा दुसऱ्या बाजूने आला.

चांदी देवळामागे सापडली, उभी रवंथ करत.

वाडी गेली. एकशेचाळीस पोफळी होत्या, अकरा उभ्या आहेत. तुम्हाला रोठा सुपारी ठाऊक असेल, श्रीवर्धनची. ती आजोबांनी लावलेली. नवं रोप धरायला सात-आठ वर्षं लागतात. बाबा भावाला एवढंच म्हणाले, "तिला सांग, आम्ही बरे आहोत, आणि ताडपत्री पाठव." आज वटपौर्णिमा. आईने पडलेल्या वडाच्या फांदीची पूजा केली.

सरळसोट | ५ जून, १:४१

देवाचे आभार. मी चुकलो होतो. ताडपत्री माझ्याकडून. आमचं मंडपाचं काम लॉकडाऊनमुळे बंदच आहे, मोठ्या आठ आहेत. कुठे आणून देऊ?

घाटवाट | ५ जून, २:०५

ताम्हिणी मोकळा झाला की मी चालवीन. या वेळी ई-पास मिळायला अडचण येऊ नये. सौर दिवे, बॅटऱ्या, ओआरएस, मच्छरदाण्या घेऊ. वीज लवकर येणार नाही. झाडं कापायची करवत कोणाकडे आहे?

बायूकाठी | ५ जून, २:३०

पैसे कुठे पाठवायचे तेवढं व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) सांगा.

दाभोळखाडी | १५ मे २०२१, सकाळी १०:१०

जुना धागा वर काढतोय. 'तौक्ते' येतंय. माझी आई दापोलीजवळ, खाडीकाठी, एकटी. घर पत्र्याचं. मी पुण्यात, आणि पुन्हा टाळेबंदी. @पोफळ, तुम्ही आहात का इथे? काय करू?

पोफळ | १५ मे २०२१, १०:२५

आहे. खाडीकाठी आणि पत्रा असेल तर तिथे ठेवू नका. पुण्याला आणायच्या मागे लागू नका. एक किलोमीटरच्या आत, चढावर, स्लॅबचं घर कोणाचं आहे ते आईलाच विचारा, तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. शेजाऱ्यांपैकी कोण तिला घेऊन जाणार ते नावानिशी ठरवा आणि त्याच्याशी स्वतः बोला. वेळ ठरवा, उद्याचा नाही, आजचा. वारा मध्येच थांबला तर बाहेर पडायचं नाही, हे तिच्याकडून तीनदा म्हणवून घ्या. जनावर आहे का?

बाबांचा आज सकाळी मलाच फोन आला. वरच्या घराची किल्ली काढून ठेवलीय म्हणाले. नवीन रोपं गुडघ्याएवढी झालीत, त्यांना काठ्या बांधत होते.

दाभोळखाडी | १५ मे २०२१, १०:५०

दोन शेळ्या आहेत. चढावर मास्तरांचं घर आहे, त्यांचा मुलगा नेतो म्हणालाय, दुपारी तीनला. फोन लावतो परत.